एकच तार, प्रत्येकाचा वेगळा प्रवाह

केबल दूरचित्रवाणीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी केंद्र सरकारने ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरवली होती आणि ती लागू झालेल्या ३८ शहरांत ठाणे व कल्याण-डोंबिवली यांचा समावेश होता. ठाण्यातल्या खोपटसारख्या जुन्या वस्तीत घरोघरी सेट टॉप बॉक्स आले ते या निर्णयामुळे. ॲनालॉग पद्धतीत एका वाहिनीला तारेतील सात-आठ मेगाहर्ट्झचा पट्टा लागत असे, तर तेवढ्याच पट्ट्यात डिजिटल रूपातल्या दहा-बारा वाहिन्या मावू लागल्या. प्रक्षेपणाचे मूळ तत्त्व मात्र बदलले नाही: संकेत एकदाच सोडला जातो आणि तो पाहणारी घरे शंभर असोत वा लाख, सोडणाऱ्याचे काम त्यामुळे वाढत नाही.

स्ट्रीमिंग, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा येणारा दृश्यप्रवाह, हे तत्त्वच मोडते. २०१५ मध्ये हॉटस्टार आणि जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात सुरू झाले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने डेटा स्वस्त झाला आणि घरातल्या एका पडद्याच्या जागी स्मार्ट टीव्ही, दोन-तीन मोबाइल आणि एखादा टॅब असे अनेक पडदे नेटला जोडले गेले. यांतील प्रत्येक पडदा स्वतःचा स्वतंत्र प्रवाह मागतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन खोल्यांत एकच मालिका चालू असली तरी ती दोनदा पाठवावी लागते. इतकी उधळपट्टी परवडते कशी, हा या तंत्रज्ञानातला खरा प्रश्न आहे.

उत्तराचा पहिला भाग गणितात आहे. फुल एचडी चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला १,२०० मेगाबिटांहून अधिक माहिती होते. प्रत्यक्षात पाचेक मेगाबिटांत काम भागते, कारण चित्राचे लहान चौकोन पाडून त्यांतील ठळक चढउतार जपले जातात आणि डोळ्याला जाणवणार नाहीत असे बारकावे गाळले जातात. यासाठी वापरले जाणारे ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ हे रूपांतर बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या कामाचे ऋण आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही, याची खंत वाटावी इतके ते मोलाचे आहे. शिवाय लागोपाठच्या चित्रांत जे बदलले तेवढेच पाठवले जाते. दिवाणखान्यात घडणाऱ्या मालिकेत मागची भिंत स्थिर असल्याने ती थोडक्या बिटांत जाते. क्रिकेटमध्ये मात्र कॅमेरा सतत फिरतो, प्रेक्षक हलतात, म्हणून तोच दर्जा राखायला कितीतरी जास्त बिट लागतात.

दुसरा भाग तुकड्यांचा. चित्रफीत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्याच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रती आधीच करून ठेवलेल्या असतात आणि कोणती प्रत मागवायची हे पाहणाऱ्याचा फोन नेटचा वेग मोजून ठरवतो. पुढचे काही तुकडे तो आगाऊ उतरवून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. ठाणे आणि दिवा यांच्या दरम्यानचा पारसिक बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब असून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला तो ओलांडायला साधारण एक मिनिट लागते. बोगद्यात नेट तुटले तरी एवढा साठा हाताशी असेल तर प्रवाशाचे चित्र थांबत नाही आणि साठा संपला की पडद्यावर गोल चक्र फिरू लागते.

तिसरा भाग अंतराचा आहे. लोकप्रिय चित्रफिती दर वेळी समुद्राखालच्या केबलमधून परदेशातून आणल्या जात नाहीत. त्यांच्या प्रती प्रेक्षकाच्या जवळ ठेवल्या जातात आणि अशा विखुरलेल्या साठ्यांच्या व्यवस्थेला आशय-वितरण जाळे म्हणतात. गूगल आणि नेटफ्लिक्स तर इंटरनेट पुरवठादारांच्याच जागेत आपली साठायंत्रे बसवतात. ठाणे खाडीच्या पलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यात उभी राहिलेली डेटा सेंटर याच निकटतेच्या गरजेतून वाढत आहेत आणि त्यांना अखंड वीज व शीतकरण लागते, हेही विसरता येत नाही.

थेट सामन्यापुढे ही सारी युक्ती तोकडी पडते, कारण जो चेंडू अजून टाकलाच नाही त्याचा तुकडा आधी साठवता येत नाही. तुकडा तयार होणे, दाबला जाणे आणि बफरमध्ये जमणे यांत काही सेकंद जातात, म्हणून शेजारच्या केबलवाल्या घरातला जल्लोष बऱ्याचदा मोबाइलवरच्या षटकाराआधी ऐकू येतो. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. प्रत्येकी २ मेगाबिट धरले तरी हा प्रवाह सेकंदाला ११८ टेराबिट होतो.

म्हणूनच आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्स यांच्या ‘डायरेक्ट टू मोबाइल’ प्रयोगाकडे गांभीर्याने पाहायला हवे. त्यात मनोऱ्यावरून एकदाच सोडलेला दूरचित्रवाणी संकेत असंख्य फोन इंटरनेटशिवाय ग्रहण करतात. त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप बसवावी लागते आणि तिचा खर्च कुणी सोसायचा यावर फोन बनवणाऱ्या कंपन्यांचे आक्षेप आहेत. सामना किंवा बातम्या अशा एकाच वेळी सर्वांनी पाहायच्या गोष्टींना ही पद्धत शोभते. हवी ती मालिका हव्या त्या वेळी पाहायची असेल, तर स्वतंत्र प्रवाहच लागेल.