मधुमेहाशी लढाई आणि वाड्यावरची व्यायामशाळा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के असताना गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक आढळले. दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक व्यक्ती या विकाराने ग्रस्त असल्याचा हा अर्थ. तपासणी, औषधे आणि पथ्य यांविषयी तेव्हापासून बरीच चर्चा झाली. व्यायाम कुठे आणि कोणाच्या देखरेखीखाली करायचा, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. त्याचे एक उत्तर गावातील तिठ्यावर किंवा वाड्यावर, एखाद्या स्थानिक प्रशिक्षकाने स्वतःच्या हिमतीवर चालवलेल्या छोट्या जिममध्ये सापडू शकते.

स्नायू आणि साखर

जेवणानंतर रक्तात उतरणारी साखर शोषून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव क्षीण झालेला असतो. तथापि व्यायाम करताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही साखर ओढून घेतात. तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साखर साठवण्याची जागाही त्याबरोबर आक्रसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सुचवून थांबत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही करावा, असे सांगते.

मिरामारच्या किनाऱ्यावर पहाटे चालणाऱ्यांची संख्या कमी नाही. चालणे उत्तमच, पण त्याने दुसरी गरज पुरती भागत नाही. शिवाय जून ते सप्टेंबर या काळात कोसळणारा पाऊस अनेकांच्या चालण्यात खंड पाडतो. छपराखालची व्यायामशाळा या दोन्ही अडचणींवर उपाय ठरते.

लहान असण्याचे बळ

मोठ्या साखळी जिम शहरातील मोक्याच्या जागा शोधतात. गावातील जिम घराच्या तळमजल्यावर किंवा एखाद्या गाळ्यात उभी राहते. ती जवळ असते, शुल्क महिन्याच्या महिन्याला देता येते आणि मालक हाच बहुधा प्रशिक्षक असतो. एखादा सदस्य आठवडाभर फिरकला नाही, तर त्याची विचारपूस होते. व्यायामाचा लाभ सातत्यावर अवलंबून असल्याने ही ओळख महागड्या यंत्रांपेक्षा मोलाची ठरते.

तरीही ज्यांना गरज सर्वाधिक, तेच या जागेपासून दूर राहतात. पन्नाशीतील गृहिणी किंवा निवृत्त कर्मचारी यांना जिम म्हणजे पिळदार शरीर कमावणाऱ्या तरुणांची जागा वाटते. भिंतीवरची छायाचित्रे आणि कर्कश संगीत हा समज दृढ करतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार भारतातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर महिलांमध्ये ५७ टक्के आहे. महिलांसाठी राखीव वेळ आणि ज्येष्ठांसाठी हलक्या वजनांचा वर्ग यांना म्हणूनच महत्त्व आहे.

सावधगिरी हवी

मधुमेही व्यक्तीचा व्यायाम काळजीपूर्वक आखावा लागतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात अचानक खाली जाऊ शकते. थरथर, दरदरून घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे प्रशिक्षकाला ओळखता आली पाहिजेत आणि साखर किंवा ग्लुकोज हाताशी असायला हवे. श्वास रोखून जड वजन उचलल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो. पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी व्यायाम करू नये. छातीत दुखल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. पूरक भुकट्या आणि इंजेक्शने विकणाऱ्या जिमपासून चार हात दूर राहणेच श्रेयस्कर. सदस्य करून घेताना आजार व औषधांची विचारणाही न करणारी जिम आरोग्यासाठी सुरक्षित मानता येणार नाही.

दवाखाना ते जिम

ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकापासून डॉक्टर रुग्णांना स्थानिक व्यायामकेंद्रांकडे पाठवत आले आहेत. गोव्यासारख्या लहान राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिम अनेकदा एकाच गावात असतात. डॉक्टरांनी रुग्णाच्या मर्यादा लिहून द्याव्यात, प्रशिक्षकाने त्यानुसार व्यायाम आखावा आणि काही महिन्यांनी रक्ततपासणीत फरक पाहावा, एवढी साधी साखळीही उपयोगी पडेल. त्यासाठी प्रशिक्षकांना प्रथमोपचार व मधुमेहाचे प्राथमिक शिक्षण द्यावे लागेल.

जिम हा औषधांना पर्याय नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना गोळ्या कमी करणे धोक्याचे आहे. मात्र दर चौथ्या प्रौढाला ग्रासणारा विकार केवळ रुग्णालयांच्या भिंतींआड आटोक्यात येणार नाही. वाड्यावरच्या व्यायामशाळेत वीस वर्षांच्या तरुणाशेजारी त्याची आईही निःसंकोच डंबेल उचलू लागेल, तेव्हा ती व्यायामशाळा खऱ्या अर्थाने सार्वजनिक आरोग्याचा भाग झालेली असेल.