मूत्रपिंडाचा विकार व बालकाचे हृदय

लहान मुलांचा रक्तदाब वाढतो, तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा मूत्रपिंडात असते. मूत्रपिंडास रक्त कमी पोहोचले, अथवा त्यावर व्रण राहिले, की त्यातून रेनिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते. त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते.

औषधाने दाब ताब्यात राहिल्यास ही जाडी बऱ्याच अंशी उतरू शकते. मात्र त्यास अनेक महिने लागतात. मूल त्याआधीच हसूखेळू लागते आणि घरची माणसे गोळ्या बंद करतात. धोका येथेच आहे. युरोपातील ३८५ मुलांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तदाब अधिक काटेकोरपणे खाली ठेवल्यास मूत्रपिंडाचा ऱ्हासही मंदावतो असे दिसून आले.

म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून औषध थांबवू नये, हे शिक्षकांनी पालकांस समजावून द्यावे. लोणचे, पापड असे खारट पदार्थ मुलाने टाळावेत. खेळाविषयी डॉक्टरांस विचारावे. केवळ भीतीपोटी त्यास वर्गात बसवून ठेवू नये. तीव्र डोकेदुखी, धाप किंवा चेहऱ्यावर सूज दिसल्यास पालकांस कळवून मुलास विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.