फोमने उजेड आपोआप मऊ होत नाही

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांत एक समजूत घट्ट बसली आहे: फ्लॅशच्या तोंडावर दुधी प्लॅस्टिकची टोपी किंवा पांढरा फोम चढवला, की उजेड मऊ होतो. होत नाही. कितीदा सांगितलं, तरी पुढच्या मोसमात उघड्या लॉनवर त्याच टोप्या पुन्हा दिसतात.

उजेड मऊ की कडक, हे समोरच्या माणसाला दिवा केवढा दिसतो त्यावर ठरतं. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर, पण १५ कोटी किलोमीटरवरून तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून मे महिन्यातल्या भर दुपारी नाकाखाली काळीकुट्ट सावली पडते. आषाढात आभाळ भरून आलं, की अख्खं आकाशच दिवा होतं आणि ती सावली विरून जाते. शंका असेल त्याने फिल हंटर आणि पॉल फुका यांचं १९९० सालचं ‘लाइट: सायन्स अँड मॅजिक’ उघडून पाहावं, दिव्याच्या आकाराला त्यात फार वरचं स्थान आहे.

फ्लॅशचं तोंड सातेक सेंटीमीटर रुंद असतं. टोपी घातल्यावरही जवळपास तेवढंच. मग खोलीत फोटो बरा का येतो? टोपी उजेड चहूकडे फेकते, तो पांढऱ्या भिंतींवरून आणि छतावरून परततो. काम भिंतीचं, नाव टोपीचं! लॉनवर भिंतच नाही. तिथे उजेड वाया जातो आणि बॅटरी लवकर संपते.

घरी शिवलेला फोम उपयोगी पडतो तो आकार वाढवतो म्हणून. स्टेशनरीच्या दुकानातली २ मिलिमीटर जाडीची पांढरी फोम शीट घ्यावी आणि सुपासारखी वळवून, वर तोंड केलेल्या फ्लॅशच्या पाठीमागे उभी करावी. दिवा २० सेंटीमीटर रुंद होतो. मात्र तो तीन मीटर लांब नेला, की एक मीटरवरच्या उघड्या फ्लॅशएवढाच दिसतो. तेव्हा जवळ जावं.

शिवताना बारीक टीप मारली, तर फोम पोस्टाच्या तिकिटासारखा भोकांवरून फाटतो. टाका ४ मिलिमीटरचा ठेवावा आणि खाली सुती पट्टी घ्यावी. फोम मशीनच्या फूटला चिकटून सरकत नसेल, तर वर बटर पेपर ठेवून शिवावं आणि मग तो फाडून काढावा. फोम फ्लॅशला बांधण्यासाठीचा वेल्क्रो, शीट सपाट असतानाच, शिवून घ्यावा.

काळा फोम निरुपयोगी, हेही खोटं. न्यू जर्सीचे छायाचित्रकार नील व्हॅन निकर्क काळा फोम केसांच्या रबराने फ्लॅशला बांधतात: थेट उजेड अडतो, भिंतीवरून आलेला तेवढा चेहऱ्यावर पडतो.

रंगीत फोमही चालतो? पिवळ्या फोमने नवरीचा चेहरा पिवळा होतो, आणि हळद तर आदल्या दिवशीच उतरलेली असते.

फ्लॅशचं तोंड फोमने झाकून टाकलं तरी चालतं, हा समज नुकसान करणारा आहे. पूर्ण ताकदीवर लागोपाठ फ्लॅश उडवले, की पुढची काच चांगलीच तापते. तोंड उघडंच हवं.