पाणी, चाक, पाऊल (लेखांक ६) : ‘आता नाही होत’ म्हणजे नेमकं काय?

वेल्समधल्या बँगॉर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो या संशोधकांनी १० तंदुरुस्त रग्बीपटूंना व्यायामाच्या सायकलवर बसवलं. पेडलवर सरासरी २४२ वॅटचा जोर कायम ठेवायचा आणि अगदीच अशक्य झालं तरच थांबायचं, एवढंच काम. जास्त टिकेल त्याला रोख बक्षीसही होतं. साधारण दहा मिनिटांत सगळ्यांनी हात टेकले. त्याच क्षणी, दम घ्यायलाही उसंत न देता, त्यांना सांगण्यात आलं की आता फक्त पाच सेकंद, जेवढा लावता येईल तेवढा जोर लावा. सरासरी भरली ७३१ वॅट. २४२ वॅट झेपत नाहीत म्हणून थांबलेल्या पायांनी लगेच त्याच्या तिप्पट जोर काढून दाखवला.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावर वाद झाला. पाच सेकंदांच्या झटक्याला लागणारी ऊर्जा वेगळ्या साठ्यातून येते, तेव्हा ही तुलनाच चुकीची, असं काही शरीरशास्त्रज्ञ म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. थांबण्याचा निर्णय झाला तेव्हा स्नायू रिते झालेले नव्हते. प्रयत्न सहन होईनासा झाला होता. मार्कोरा यांच्या मते दमाची मर्यादा ठरते ती या जाणवणाऱ्या कष्टावर. हौशी ट्रायथलीटसाठी हा मुद्दा मोलाचा आहे, कारण आठवड्यातल्या सर्वांत जड दिवशी ‘आता नाही होत’ हे वाक्य मनात येणारच. ते कशामुळे आलं हे ओळखता आलं, तर पुढं काय करायचं तेही कळतं.

बहुतेकांचा जड दिवस असतो शनिवार किंवा रविवार. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या ७०.३ ट्रायथलॉन स्पर्धेची तयारी करणाऱ्याला १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं सलग करायचं असतं. त्यासाठी सरावात ‘ब्रिक’ येते : तीन-चार तासांची राइड, आणि सायकल भिंतीला टेकवून लगेच रनिंग. पहिले एक-दोन किलोमीटर पाय परक्याचे वाटतात. कंबरेत वाकून गोल फिरण्याची सवय लागलेल्या स्नायूंना एकदम उभं राहून शरीराचं वजन पेलावं लागतं. हा जडपणा थकव्याचा कमी आणि बदलाचा जास्त असतो. इथं घाबरून थांबू नये. वेग कमी करावा, पावलं छोटी आणि भरभर टाकावीत. बहुतेकांचे पाय थोड्या वेळात मोकळे होतात.

‘आता नाही होत’ वाटण्याचं पहिलं कारण शिणलेलं डोकं. मार्कोरा यांचाच २००९ चा एक प्रयोग नोकरदार माणसानं नीट समजून घ्यावा असा आहे. १६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी सायकलवर दमेपर्यंत पेडल मारायला लावलं. एका दिवशी त्याआधी ९० मिनिटं संगणकावर सतत लक्ष द्यावं लागेल असं किचकट काम, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ माहितीपट. माहितीपट पाहिल्यावर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर ६४०. हृदय आणि श्वास यांच्या मोजमापात ही घट समजावून सांगेल असं काही सापडलं नाही. मेहनत मात्र पहिल्या मिनिटापासून जास्त वाटत होती.

हे पूर्णवेळ खेळाडूंना नव्हे, तर दिवसभर मीटिंगा आणि मग तासाभराची ट्रॅफिक सोसून संध्याकाळी सातला इंटरव्हलचा (आलटून-पालटून जोरात आणि सावकाश) सराव करायला उतरणाऱ्यांना लागू आहे. त्या वेळी पाय शिसासारखे वाटले म्हणून स्वतःला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. आठवड्यातलं सर्वांत कठीण सत्र ऑफिसच्या आधी ठेवावं. ते जमत नसेल तर संध्याकाळी घड्याळातला वेग बाजूला ठेवून मेहनतीच्या अंदाजानं पळावं.

दुसरं कारण पोटाचं. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा साठा साधारण ५०० ग्रॅमच्या आसपास असतो. चार तासांच्या ब्रिकला तो पुरत नाही. दर तासाला निदान ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि एका मध्यम केळ्यात असतात जेमतेम २५. भूक लागल्यावर खायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या अर्ध्या तासापासून थोडं थोडं खावं : केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, जेल, जे पोटाला मानवेल ते. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकांच्या द्रावणानं नुसती चूळ भरून ते थुंकून टाकलं, तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांचा वेळ सुमारे तीन टक्क्यांनी सुधारला. पोटात काहीच गेलं नव्हतं. तोंडातून मेंदूला ऊर्जा येत असल्याची खूण मिळाली, एवढ्यावर कष्ट हलके झाले.

तिसरं कारण उष्णता. घामानं रक्तातलं पाणी घटतं, उरलेलं रक्त कातडी थंड करायला वळतं, आणि तोच वेग राखायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. गोव्याची तयारी करणाऱ्या पुण्या-नाशिकच्या मंडळींचा बराच सराव पावसाळ्यात, गार हवेत होतो. शर्यत मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दमट उन्हात. शरीर उन्हाला सरावायला साधारण १० ते १४ दिवस घेतं. म्हणून शेवटच्या आठवड्यांतली काही सत्रं मुद्दाम उन्हं वर आल्यावर, कमी वेगानं करावीत.

आणि उष्णतेशी जिद्दीनं भांडू नये. २०१६ मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेलला ट्रायथलीट जॉनी ब्राउनली शर्यतीत पुढं असताना अखेरच्या टप्प्यात लडखडायला लागला. भाऊ अ‍ॅलिस्टरनं त्याला खांद्याचा आधार देत शेवटच्या रेषेपार ढकललं. ते दृश्य जगभर जिद्दीचं आणि बंधुप्रेमाचं चित्र म्हणून फिरलं. बंधुप्रेम खरंच होतं. पण जॉनीला रुग्णालयात न्यावं लागलं, हे त्या चित्रासोबत सांगितलं जात नाही, आणि हौशी खेळाडू त्यातून भलताच धडा घेतात. चक्कर, भोवळ, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, एकाच जागी टोचणारी आणि पावलागणिक वाढणारी वेदना : यांतलं काहीही दिसलं की सत्र तिथंच संपवायचं. वर सांगितलेली सगळी तंत्रं कष्टाच्या जाणिवेसाठी आहेत, या लक्षणांसाठी नाहीत.

जड दिवस पार पडत नाही याचं सर्वांत दुर्लक्षित कारण आदल्या दिवसांत असतं. कार्ल फॉस्टर या अमेरिकी संशोधकाला आढळलं की कोचनं हलका म्हणून आखलेला दिवस खेळाडू ठरल्यापेक्षा जोरात करतात आणि कठीण दिवस ठरल्यापेक्षा सौम्य. ग्रुपबरोबरच्या राइडमध्ये हे हमखास घडतं. कुणीतरी पुढं निघतं, बाकीचे मागं लागतात, आणि गुरुवारची सैल राइड शर्यत होऊन बसते. शनिवारी पायात काही उरत नाही. सहज गप्पा मारता येतील तोच हलका वेग. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. ग्रुप ऐकत नसेल तर गुरुवारी एकट्यानं जावं. इतक्या साध्या उपायाला फार थोडे तयार होतात, कारण मागं पडणं दिसतं आणि शनिवारी होणारा फायदा दिसत नाही.

पुढच्या लेखांकात खुल्या पाण्यातलं पोहणं : तलावात आणि समुद्रात दिशा कशी धरायची, आणि पहिल्या शंभर मीटरांतली धाप कशी आवरायची.