गोळी गुडघ्याची, धोका हृदयाला!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला. त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला, पण लेख शेवटपर्यंत वाचा.

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूम पार्टनरचा गुडघा फुटबॉल खेळताना दुखावला. अंधेरीतल्याच एका मेडिकलमधून त्याने डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या. या गोळ्या शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात. पण चिठ्ठी विचारतो कोण? दुखणं थांबेना म्हणून त्याने दुसऱ्या नावाची स्ट्रिपही आणली. दहा दिवस दोन्ही चालू! मग पाय सुजले, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी बीपी बघितलं, तर वाढलेलं. स्ट्रिप्स उलटून ते म्हणाले, "अरे, नावं दोन, औषध एकच!"

आता यामागचं सायन्स. आपल्या शरीरातल्या 'कॉक्स' या एन्झाइममुळे वेदना आणि सूज वाढवणारी द्रव्ये तयार होतात. गोळी हे एन्झाइम अडवते. पण रक्तवाहिन्या रुंद ठेवणारे आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारे प्रोस्टासायक्लिनही त्याच्यामुळेच बनते. तेही कमी होते. शिवाय किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्यामुळे बीपी चढते. म्हणजे गुडघ्याची दुरुस्ती करताना पंपावरच लोड!

रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाने हार्ट अटॅकचा धोका वाढतो असे दिसल्यावर मर्क कंपनीने ३० सप्टेंबर २००४ रोजी ते जगभरातून मागे घेतले. त्याच डिसेंबरमध्ये भारतातही बंदी आली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांबद्दल इशारा अधिक कडक केला: पहिल्या काही आठवड्यांतही धोका असू शकतो आणि डोसबरोबर तो वाढतो.

घाबरू नका. धडधाकट मुलाने एक-दोन दिवस, योग्य डोसमध्ये गोळी घेतली तर धोका फार कमी. पण स्ट्रिपवरचं मोठं नाव नाही, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. दोन वेदनाशामकं एकत्र घेऊ नका. आणि छातीत दुखलं तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

पार्टनर आता बरा आहे. त्या रात्री मी घरी फोन केला. बाबांना बीपी आहे आणि त्यांचाही गुडघा दुखतो. "बाबा, तुम्ही कुठली गोळी घेता?" त्यांनी नाव वाचून दाखवलं. तेच औषध, आणि तेही चिठ्ठीशिवाय! दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

तुम्हीही आज घरी एक फोन करा.