भिंगरीसाठी स्थळ हवंय!

कुत्रा पाळायची हौस आहे, पण पुढच्या बारा-पंधरा वर्षांची जबाबदारी झेपेल का, याची खात्री नाही? मग एक मधला रस्ता आहे. त्याला म्हणतात 'फॉस्टरिंग'. मात्र आठ महिन्यांची, अंगात वारं भरलेली गावठी पाहुणी घरात शिरली की काय काय होतं, ते आधी वाचा...

तुमच्याही ऑफिसात असेल असं एखादं पात्र. डेस्कटॉपवर लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचा वॉलपेपर, चहाच्या सुट्टीत टपरीवरच्या काळूची विचारपूस आणि वर एक उसासा, "यार, मला पण पाळायचाय, पण..." या 'पण'नंतरची कारणं मात्र अगदी खरी असतात, हसू नका. भाड्याचं घर, शिफ्ट, ऑनसाइटची टांगती तलवार, घरच्यांनी काढलेला लग्नाचा विषय. कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. आपण एका कंपनीत तीन वर्षं टिकलो तरी एचआरला गहिवरून येतं!

अशांसाठी फॉस्टरिंग. म्हणजे दत्तक नव्हे, बरं का. रस्त्यावरून सोडवलेल्या, औषधोपचार झालेल्या कुत्र्याला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवून घ्यायचं. खाणं, फिरवणं, वळण लावणं आपल्याकडे. औषधपाणी आणि नसबंदीचा खर्च आमच्या ठरावात रेस्क्यू करणाऱ्या ताईंकडे होता. (हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. बिलावरून मैत्र्या तुटलेल्या पाहिल्यात मी.) शेल्टरमधल्या गर्दीपेक्षा घर बरं, याला नुसतं प्रेम हे कारण नाही. पार्वोसारखा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्महिने तग धरतो. शिवाय घरात राहिलेल्या कुत्र्यालाच कुकरची शिट्टी, डोअरबेल आणि मिक्सर म्हणजे संकट नव्हे, हे कळतं.

पायाला भिंगरी

ती आमच्याकडे आली २०२५च्या सप्टेंबरमध्ये, विसर्जनानंतरच्या आठवड्यात. वारज्याजवळ हायवेच्या कडेला ताईंना सापडली, तेव्हा गळ्यात नायलॉनची दोरी रुतलेली होती. कुणीतरी बांधून ठेवली असणार आणि बाईसाहेब दोरी कुरतडून पसार झाल्या असणार. जखम भरली, गोचिडी काढल्या, जंताचं औषध झालं, रेबीजची आणि बाकीची लस टोचून झाली. ताईंच्या घरात आधीच अकरा कुत्री. त्यामुळे पाषाणच्या आमच्या टू बीएचकेमध्ये, मी आणि माझी फ्लॅटमेट अशा दोघींच्या संसारात, ती 'फक्त दोन आठवड्यांसाठी' दाखल झाली. फॉस्टरिंगमधले दोन आठवडे आणि सॉफ्टवेअरमधले दोन आठवडे सारखेच असतात, हे यथावकाश कळलं.

'पायाला भिंगरी लावल्यासारखी' हे लहानपणापासून ऐकलं होतं. त्या संध्याकाळी प्रत्यक्ष पाहिलं. हॉल, बेडरूम, बाल्कनी, परत हॉल, मध्येच सोफ्याच्या पाठीवरून एक फेरी. नाव शोधावंच लागलं नाही. आठ महिन्यांच्या कुत्र्याला सगळे बेचाळीस पक्के दात आलेले असतात, हे सामान्यज्ञान मला माझ्या कोल्हापुरी चपलेने दिलं. रेस्क्यूवाल्यांचा एक ठोकताळा आहे: तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. भिंगरीने पहिले तीन दिवस पाऊण तासात उरकले!

दमवू नका, कामाला लावा

"खूप पळव गं तिला, दमली की झोपेल," असं प्रत्येक जण सांगतो. ताईंनी मात्र आधीच बजावलं होतं. तरुण कुत्र्याला नुसतं पळवत राहिलात तर तो दमत नाही, त्याचा स्टॅमिना वाढतो. आज दोन किलोमीटरने भागलं तर महिन्याने पाच लागतील. सहा महिने ते दीड वर्ष हे कुत्र्याचं कॉलेजचं वय. ताकद मोठ्यांची, डोकं पिल्लाचं. त्या डोक्याला काम द्यायचं असतं.

म्हणून वेताळ टेकडीवर आम्ही पळायला नव्हे, हुंगायला जायचो. लांब पट्टा, तासभर वेळ आणि प्रत्येक झुडपाशी तिला हवं तितकं थांबायची मुभा. आपण सकाळी पेपर वाचतो, तशी ती टेकडी वाचायची. (पट्टा अजिबात सोडायचा नाही. टेकडीवर मोर आहेत, आणि भिंगरीचं मोरांबद्दलचं मत फार स्पष्ट होतं.) तासभर हुंगून आलेली भिंगरी दुपारपर्यंत झोपायची. तेवढ्यात माझे दोन कॉल आणि एक रिलीज व्हायची.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात आली. नसबंदीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "दहा-बारा दिवस पळणं नाही, उड्या नाहीत, जिना नाही." मी डॉक्टरांकडे पाहिलं, मग भिंगरीकडे पाहिलं. गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घालूनही ती टेबलावरून उडी मारण्याच्या तयारीत होती.

त्या दिवसांत आम्हाला तारलं ते इडलीपात्राने. आईने मोठ्या आशेने दिलेलं आणि दोन वर्षांत एकदाही न वापरलेलं ते स्टीलचं इडलीपात्र! त्याच्या एकेका ताटलीतल्या खळग्यांत उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवायचे, वर टेनिस बॉल झाकायचे आणि ताटली जमिनीवर ठेवायची. कोन काढून, समोर बसून, दहा मिनिटं नुसतं बघायचं. पहिल्या दिवशी तिने सगळं उलटं केलं. चौथ्या दिवशी एकेक बॉल नाकाने ढकलून, खालचा तुकडा खाऊन, शहाण्या मुलीसारखी पुढच्या खळग्याकडे. मग जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात लपवलं. सगळं जेवण असंच. वाटीत वाढलेलं जेवण तिने दोन आठवडे पाहिलंच नाही. आणि काय सांगू, ऑपरेशनचे ते दिवस आमचे सगळ्यात शांत दिवस ठरले. टेकडीने केलं नाही ते इडलीपात्राने केलं.

एक प्रश्न पडतो मला. घरात शुद्ध मराठी बोलणारी माणसं कुत्र्याशी इंग्रजीत का बोलतात? 'सिट', 'स्टे', 'नो'! भिंगरीला मी 'बस', 'थांब', 'सोड' शिकवलं आणि प्रत्येक शब्दाला हाताची खूण जोडली. खूण महत्त्वाची. कुत्री शब्दांपेक्षा हातवारे चटकन पकडतात आणि पुढचं घर कोणत्या भाषेतलं असेल, कुणास ठाऊक.

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात गरजेचा धडा होता एकटं राहण्याचा. मी दाराबाहेर जायची. दोन मिनिटांनी परत. मग पाच. मग वीस. येता-जाता लाडीगोडी नाही, टाटा नाही. पाच आठवड्यांनी ती चार तास निवांत राहायला लागली. आमच्याशिवाय राहता येणं, हेच तर तिला शिकवायचं होतं. फॉस्टरिंगचं काम असं विचित्र आहे खरं.

सोसायटीचं विचाराल, तर सेक्रेटरीकाका दुसऱ्याच दिवशी हजर. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाची २०१५ची मार्गदर्शक सूचना आहे: सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. तिची प्रिंट मी तयार ठेवली होती, पण काढलीच नाही. पट्टा लावून नेईन आणि घाण उचलेन, एवढ्यावर काका शांत झाले. घरमालकाची गोष्ट वेगळी. भाडेकरारात काय लिहिलंय ते पाहून त्यांची लेखी संमती आधीच घ्या. दिवाळीत खिडक्या बंद, पंखा फुल आणि रेडिओवर विविध भारती. लक्ष्मीपूजनाची रात्र तिने बाथरूममध्ये बादलीमागे काढली आणि तिला सोबत म्हणून मी पाटावर.

कांदेपोहे

दिवाळी झाली आणि आम्ही वधूसंशोधनाच्या उलट बाजूला आलो. टेकडीवर फोटो काढले. जाहिरात लिहिली: 'वय नऊ महिने, रंग तांबूस, पाय पांढरे, लसीकरण व नसबंदी पूर्ण, स्वभाव खेळकर.' 'खेळकर' हा शब्द स्थळांच्या जाहिरातीतल्या 'गृहकृत्यदक्ष' इतकाच लवचीक असतो, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं.

फोन आले. पहिला प्रश्न, "ब्रीड कोणती?" गावठी म्हटल्यावर निम्मे फोन तिथेच बंद. दुसरा, "मेल नाही का?" मुलगाच हवा, हे इथेही! एका गृहस्थांचं मुळशीकडे फार्महाऊस होतं. भरपूर मोकळी जागा, नोकर, सगळं. "ती झोपणार कुठे?" मी विचारलं. "गेटपाशी. साखळी लांब आहे." गळ्यावरच्या दोरीच्या वणावर तेव्हा नुकते केस येत होते. मी नाही म्हटलं. "एवढ्या प्रश्नांत तर मला होमलोन मिळालं," असं तेही म्हणाले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक जोडपं पसंत पडलं. दोघं आयटीत, घर स्वतःचं, बाल्कनीला जाळी. ताई घर बघून आल्या, करार झाला, भिंगरी गेली. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन. सोफा फाडला. नवाकोरा होता. दोघंही दिवसभर ऑफिसला होते. चार तास राहणारी भिंगरी पहिल्याच आठवड्यात दहा तास एकटी. "तुम्ही आत्ता येणार असाल तर ठीक, नाहीतर जिथून आणली तिथे सोडून येतो."

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्या रात्री ते मला तोंडपाठ झालं. उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि २२ ऑगस्ट २०२५ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं, की महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेतला, तर तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. फोनवर यातलं काही बोलले नाही. रिक्षा केली आणि गेले.

परत आलेली भिंगरी वेगळी होती. उड्या नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन दिवस ती दाराच्या आत, चपलांच्या स्टँडजवळ बसून होती. चपलांना तोंडही लावलं नाही. फ्लॅटमेट म्हणाली, "ठेवून घेऊ या गं हिला." या क्षेत्रात याला गमतीने 'फॉस्टर फेल' म्हणतात, आणि मला त्या रात्री नापास व्हायचं होतं. पण मार्चमध्ये फ्लॅटमेटचं लग्न. माझं प्रोजेक्ट हलणार. मी आठवड्यातून चार दिवस हिंजवडीला निघाले असते, तर माझ्यात आणि त्या सोफावाल्यांत तिच्या दृष्टीने फरक काय राहिला असता? आणि ताईंच्या यादीत पुढचे तिघं होते. त्याच आठवड्यात, ७ नोव्हेंबरला, शाळा, हॉस्पिटल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवण्याचा कोर्टाचा आदेश आला होता. ताईंचा फोन वाजायचा थांबत नव्हता.

इडलीपात्र पुन्हा जमिनीवर आलं. दोन मिनिटं, पाच मिनिटं, वीस मिनिटं, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी जाहिरातीतून 'खेळकर' काढलं. लिहिलं: 'अतिशय दांडगी. रोज तासभर फिरवणं लागेल. दिवसभर घरी कुणीतरी हवं. सोफा लाकडी असल्यास उत्तम.'

फोन फक्त तीन आले, पण तिन्ही कामाचे. त्यातल्या चिंचवडच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. रोज सकाळी धावायला जातात, घरी सातवीतला मुलगा आणि सासूबाई. दिवसभर घरात असणाऱ्या त्या सासूबाईच. आणि त्यांनी भिंगरीला पाहून पहिलं वाक्य उच्चारलं, "स्वयंपाकघरात यायचं नाही." मी घाबरले. ताई मात्र खूश. म्हणाल्या, "जी बाई पहिल्या दिवशी नियम सांगते ना, तिने ठेवायचं ठरवलेलं असतं."

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भिंगरी गेली. एकूण चौदा आठवडे. जाताना मी तिचं पांघरूण न धुता दिलं, नव्या घरात ओळखीचा वास असावा म्हणून, आणि हातखुणांचा तक्ता लिहून दिला. इडलीपात्रसुद्धा दिलं.

महिन्याने चक्कर मारली. भिंगरी स्वयंपाकघरात, ओट्याखाली. आजी पोळ्या लाटत होत्या. मला पाहिल्यावर ती उठली, शेपटीसकट सगळी हलली, माझे हात चाटले. मग आजींनी आतूनच "ठमेऽ" अशी हाक दिली. नाव बदललंय. भिंगरी म्हणायला लांब पडतं म्हणे.

एका हाकेत गेली. माझ्याकडे तीन लागायच्या.