कर्जत फास्ट, हॅकर सुपरफास्ट!

हॅकर म्हटलं की काळा हुडी आणि अंधारी खोली आठवते ना? चला, आता दचका! सुरुवातीच्या हॅकर्सना नाद होता चक्क खेळण्यातल्या रेल्वेचा. अमेरिकेतल्या एमआयटीत मॉडेल रेल्वेचा क्लब होता. रुळांखालच्या वायरींमध्ये उचापती करता करता १९५९च्या सुमारास ही पोरं कॉम्प्युटरला चिकटली. नेरळची मिनी ट्रेन दिसली असती, तर माथेरानहून परत गेलीच नसती!

माहीत आहे का, आपल्या रायगडलाही जागतिक सायबर हल्ल्याचा दणका बसलाय? २७ जून २०१७, व्हिलनचं नाव नॉटपेट्या. मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं उरणच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनल ठप्प! कॉम्प्युटरच आंधळा झाल्यावर कुठला कंटेनर कुणाचा, हे सांगणार कोण?

मर्स्कला तारलं कुणी? गेलेल्या लाइटनं! घानातला एक सर्व्हर वीज नसल्यामुळे नेमका ऑफलाइन होता, म्हणून बचावला. त्याच्याच डेटावरून अख्खं नेटवर्क परत उभं राहिलं. पावसात लाइट गेली की बोटं मोडणाऱ्या कर्जतकरांनो, ऐकताय ना?

खोपोलीचं टाटांचं पॉवरहाउस १९१५पासून मुंबईला वीज पुरवतंय. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पाइपातून खाली, टर्बाइन गरागरा! तेव्हा ती वीज तोडायला माणूस खोपोलीपर्यंत यावा लागला असता. आता ग्रिड स्क्रीनवर चालतो. १२ ऑक्टोबर २०२०ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले, १४ ट्रोजन हॉर्स, म्हणजे छुपे घातकी प्रोग्राम, सापडले. केंद्रीय ऊर्जामंत्री म्हणाले, छे, मानवी चूक!

डोक्यात किडा आहे? कमाई आहे! हंटर अँड रेडी या कंपनीनं १९८३मध्ये ऑफर काढली होती: आमच्या सॉफ्टवेअरमधला बग शोधा, फोक्सवॅगनची बीटल न्या. किड्याला किडा, फिट्टंफाट!

पण थांबा, इथे ब्रेक लावा. आयटी कायद्याच्या कलम ४३ला तुमच्या निर्मळ मनाशी देणंघेणं नाही. मालकाला न विचारता सिस्टिममध्ये शिरलात, तर भरपाई अंगावर. लबाडीनं शिरलात, तर कलम ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हैदराबादच्या हरी प्रसाद यांचंच बघा. २०१०मध्ये त्यांनी दोन परदेशी संशोधकांसोबत ईव्हीएममध्ये फेरफार कसा होऊ शकतो, ते दाखवलं. ते यंत्र मुंबईच्या सरकारी कचेरीतून चोरलेलं, असा आरोप झाला आणि ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना अटक केली. निवडणूक आयोग यंत्रं सुरक्षित असल्याचंच सांगत राहिला. पुढे जामीन मिळाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या ईएफएफ संस्थेचा पायोनियर पुरस्कारही! यंत्र आलं कुठून, हे पोलिसांनी विचारावंच. पण कडी सैल आहे म्हणून ओरडणाऱ्यालाच आधी धरलं, तर पुढचा ओरडेल कशाला?

तुम्हालाही एखादं भोक सापडलंय? सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला रीतसर कळवा. बीटल तेवढी मागू नका!